ग्रामपंचायतीचा हिशोब: काय मागावं, कोणत्या क्रमाने मागावं आणि कसा वाचावा

ग्रामसभेत कुणीतरी उठतो आणि विचारतो, "आमच्या घरपट्टीचे पैसे गेले कुठे?" प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तर मिळत नाही. कारण त्यात वर्ष नाही, निधी नाही, रक्कमही नाही. ग्रामसेवक म्हणतो, "लेखी द्या." सरपंच म्हणतात, "सगळं ऑनलाइन आहे." दोन गट एकमेकांवर ओरडतात, सभा आटोपते आणि इतिवृत्तात ओळ पडते, "जमाखर्चास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली."

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती क्रम चुकल्यामुळे. आधी आरोप, मग अर्ज आणि शेवटी कागद, असा उलटा प्रवास होतो. खाली सुलट क्रम दिला आहे. तो महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे. नगरपंचायत आणि नगरपालिकेचे कायदे आणि वह्या वेगळ्या असतात, त्यामुळे हे नमुना क्रमांक तिथे लावू नका.

## टप्पा १ : पैसा कुठल्या खिशातला, हे आधी ठरवा

ग्रामपंचायतीच्या पैशाचे साधारण तीन खिसे असतात. ते मिसळले की पुढची सगळी बेरीज चुकते.

पहिला खिसा ग्रामनिधीचा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं ही गावाची स्वतःची कमाई त्यात येते. मुद्रांक शुल्क आणि जमीन महसुलाच्या अनुदानातला वाटाही इथेच जमा होतो.

दुसरा खिसा पाणीपुरवठा निधीचा. पाणीपट्टी इथे जमा होते आणि मोटारीचं वीजबिल, पाइप, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर), पाणी सोडणाऱ्याचा पगार इथूनच जातो. त्याचं बँक खातं वेगळं असतं.

तिसरा खिसा वित्त आयोगाचा आणि इतर योजनांचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांत ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधून दिलेला. उरलेला ४० टक्के अबंधित होता. अबंधित म्हणजे वाटेल तिथे खर्च करायचा असं नव्हे. त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च भागवता येत नव्हता. तुम्ही त्यानंतरचं वर्ष तपासत असाल, तर त्या वर्षीचा शासन निर्णय आधी पाहा.

तयारीला लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. एक जाड वही, तुमची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती आणि गावाची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या. लोकसंख्या पुढे मानधन तपासताना लागेल. वर्ष एकच निवडा, १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि शक्यतो नुकतंच संपलेलं.

इशारा : "गेल्या पाच वर्षांचा संपूर्ण हिशोब" मागण्याचा मोह आवरा. एवढा गठ्ठा आला तरी तो वाचून होत नाही. आणि बहुतेक वेळा तो येतच नाही, कारण मोघम मागणीला मोघम उत्तर देणं सोपं असतं.

## टप्पा २ : घरबसल्या मिळतं ते आधी उतरवून घ्या

केंद्राचं ई-ग्रामस्वराज पोर्टल एप्रिल २०२० मध्ये सुरू झालं. त्यावर महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं निवडत गेलं की दोन गोष्टी दिसतात. एक, मंजूर विकास आराखडा, म्हणजे 'आमचं गाव, आमचा विकास' मध्ये ठरलेल्या कामांची यादी. दुसरी, जमा-खर्चाच्या नोंदी, व्हाउचरची तारीख आणि रक्कम. मोबाइलवर 'मेरी पंचायत' ॲपमध्येही यातलं बरंच काही मिळतं. लेखापरीक्षणासाठी ऑडिट ऑनलाइन हे वेगळं पोर्टल आहे.

आराखड्यातली कामं वहीत डाव्या पानावर लिहा आणि त्यांच्यासमोर उजव्या पानावर खर्चाच्या नोंदी लिहा. एवढं केलं तरी चित्र दिसू लागतं. काही कामं आराखड्यात असतात पण त्यांच्यावर खर्च नसतो. काही ठिकाणी खर्च असतो आणि आराखड्यात काम सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या नोंदींवर खूण करा, पण लगेच बोभाटा करू नका. आराखड्यात पुरवणी म्हणून बदल झालेला असू शकतो आणि त्याला ग्रामसभेचा ठराव असू शकतो. तो ठराव आपण पुढे मागणार आहोत.

तपासा : पोर्टलवर दिसतं ते प्रामुख्याने वित्त आयोगाचं चित्र असतं. तुमच्या घरपट्टीचा म्हणजे ग्रामनिधीचा हिशोब तिथे अपुरा असू शकतो. पोर्टलवर नाही म्हणजे खर्च लपवला, असं धरून चालू नका. त्यासाठी वह्याच पाहाव्या लागतात.

## टप्पा ३ : नमुन्यांची नावं पाठ करा

कार्यालयात "हिशोब दाखवा" म्हटलं की समोरचा माणूस कपाटाकडे बघत बसतो. "नमुना १ आणि नमुना ३ ची प्रत द्या" म्हटलं की त्याला कळतं, याला माहीत आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत लेखा संहिता, २०११ प्रमाणे प्रत्येक वहीला नमुना क्रमांक आहे. तेहेतीसच्या तेहेतीस माहीत असण्याची गरज नाही. हे पुरेत :

- नमुना १ : अर्थसंकल्प
- नमुना २ : पुनर्विनियोजन, म्हणजे एका शीर्षातली (खर्चाच्या सदरातली) तरतूद दुसरीकडे वळवल्याचा कागद
- नमुना ३ : वर्षाचा जमा-खर्च
- नमुना ५ : रोकडवही
- नमुना ८ आणि ९ : कर आकारणी आणि कर मागणी
- नमुना १२ : खर्चाची प्रमाणकं, रोजच्या भाषेत व्हाउचर
- नमुना १३, १९ आणि २१ : कर्मचाऱ्यांची यादी, हजेरीपट आणि वेतन देयकं
- नमुना २० आणि २० क : कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप वही
- नमुना २६ : मासिक जमा-खर्च

यातले नमुना १ आणि ३ आधी साध्या अर्जाने किंवा तोंडी मागून पाहा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे चार गोष्टी ठेवायच्याच असतात : वार्षिक लेखा विवरण, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी तिच्या उत्तरांसह. सभेपुढे ठेवलेला कागद गुप्त असूच शकत नाही. अनेक ग्रामसेवक हे कागद विनासायास देतात. जिथे सरळ मागून मिळतं तिथे माहिती अधिकाराचा अर्ज टाकून संबंध कशाला ताणायचे?

## टप्पा ४ : अर्थसंकल्प वाचा, पण एकटा वाचू नका

कलम ६२ प्रमाणे दरवर्षी अर्थसंकल्प तयार होतो आणि पंचायतीची मंजुरी घेऊन पंचायत समितीकडे जातो. पण अर्थसंकल्प हा शेवटी अंदाज आहे. नमुना १ शेजारी त्याच वर्षाचा नमुना ३ ठेवा. शीर्षवार दोन रकाने करा, अंदाज आणि प्रत्यक्ष. फार मोठा फरक असेल तिथे गोल करा. तरतूद नसताना खर्च झाला असेल, तर नमुना २ मध्ये पुनर्विनियोजन आहे का ते विचारा. पुनर्विनियोजन करणं हा गुन्हा नाही. ते ठरावाशिवाय झालं असेल, तर मात्र प्रश्न उभा राहतो.

आता वसुली. इथे फसगत सर्वात जास्त होते, म्हणून एक उदाहरण आकड्यांनी पाहू. समजा, या वर्षाची घरपट्टीची चालू मागणी ४,००,००० रुपये आहे आणि मागची थकबाकी २,५०,००० रुपये. वर्षभरात ३,९०,००० रुपये वसूल झाले. सभेत सांगितलं जातं, "आपली वसुली साडेसत्त्याण्णव टक्के!" टाळ्या पडतात. पण ३,९०,००० ला फक्त चालू मागणीने भागलं तरच हा आकडा येतो. एकूण मागणी ६,५०,००० रुपयांची आहे, म्हणजे खरी वसुली ६० टक्के, आणि २,६०,००० रुपये पुढच्या वर्षात थकबाकी म्हणून जातात. नमुना ९ मध्ये थकबाकी आणि चालू असे दोन वेगळे रकाने असतात. दोन्ही मागा. थकबाकी कुणाची आहे हेही त्याच वहीत दिसतं, आणि बऱ्याच गावांत सगळ्यात मोठ्या आवाजात प्रश्न विचारणाऱ्या घरांची नावं त्यात असतात. म्हणून अर्ज करण्याआधी आपली स्वतःची पट्टी भरून पावती जवळ ठेवा.

पुढची पाहणी राखीव खर्चाची. स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. स्वउत्पन्न ५,००,००० असेल तर हे अनुक्रमे ७५,०००, ५०,००० आणि २५,००० झाले. टक्केवारी स्वउत्पन्नावर काढतात. वित्त आयोगाची रक्कम त्यात मिसळू नका. खर्च झाला नसेल तर ती रक्कम पुढच्या वर्षी त्याच कारणासाठी राखून ठेवली आहे का, हे नमुना ३ च्या अखेरच्या शिलकेवरून कळत नाही. ते थेट विचारावं लागतं. दिव्यांगांचा निधी वर्षानुवर्षं पडून राहिलेला आढळतो, आणि ज्यांचा तो हक्क आहे त्यांना कार्यालयाची पायरी चढणंही अवघड असतं. त्यांच्या वतीने हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा.

तपासा : मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि या वर्षाची आरंभीची शिल्लक रुपयात सारखी आहे का? नसेल, तर पुढची बेरीज करण्याआधी हाच प्रश्न सोडवा.

## टप्पा ५ : मानधन आणि पगार, कुणाचा कुठून

सगळ्यात जास्त अफवा याच विषयावर उठतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्रामसेवक. त्यांचा पगार जिल्हा परिषदेकडून होतो. तो ग्रामपंचायतीच्या वहीत सापडणार नाही आणि घरपट्टीतून जातही नाही. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा नवीन कागदांवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.

सरपंच आणि उपसरपंच. यांना मानधन मिळतं आणि ते लोकसंख्येवर ठरतं. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयाने ते दुप्पट झालं. २,००० पर्यंत लोकसंख्या असेल तर सरपंचांना महिना ६,००० आणि उपसरपंचांना २,००० रुपये. २,००१ ते ८,००० लोकसंख्येला ८,००० आणि ३,०००. त्यावर १०,००० आणि ४,०००. म्हणजे पहिल्या गटातल्या गावात दोघांचं मिळून वर्षाला ९६,००० रुपये होतात. यातला काही हिस्सा राज्य शासन देतं, उरलेला ग्रामपंचायत स्वनिधीतून देते. त्यामुळे नमुना ३ मध्ये पूर्ण रक्कम दिसली नाही तर लगेच घोटाळा समजू नका. आणि पूर्ण रक्कम स्वनिधीतून गेलेली दिसली, तर शासनाचा हिस्सा कुठे जमा झाला ते विचारा.

सदस्य. त्यांना पगार नसतो, मासिक सभेचा बैठक भत्ता असतो. भत्त्याची यादी आणि सभेच्या हजेरी पुस्तकातल्या सह्या जुळल्या पाहिजेत.

कर्मचारी. लिपिक, शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, सफाई कामगार. हे ग्रामपंचायतीचे खरे पगारदार. त्यांच्या किमान वेतनाचा काही भाग राज्य शासन देतं, आणि तो करवसुलीच्या टक्केवारीशी जोडलेला आहे. वसुली घसरली की शासनाचा हिस्सा कमी होतो आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार थकतो. घरपट्टी थकवणारा आणि पगार थकलेला कर्मचारी यांचा संबंध इतका सरळ आहे. वेतनावरच्या खर्चाला उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांची मर्यादाही असते, म्हणून भरती करताना ठराव कसा झाला ते पाहणं महत्त्वाचं.

आशा, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक. यांचं मानधन वेगवेगळ्या विभागांच्या योजनांतून येतं. ते ग्रामपंचायतीच्या पगारपत्रकात शोधत बसू नका.

आता जुळवणी. नमुना १३ मधली मंजूर पदं, नमुना १९ मधली हजेरी आणि नमुना २१ मधली देयकं, तिन्ही एकाच महिन्याची घ्या. यादीत नाव आहे पण हजेरी नाही, असं कुणी आहे का? गावात रोज काम करताना दिसतो पण यादीत नाही, असा कुणी आहे का? दुसरा प्रश्न लोक विसरतात. पगारपत्रक तपासणं म्हणजे जास्त कोण घेतो एवढंच शोधणं नव्हे. पहाटे चार वाजता व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला किमान वेतन मिळतं का, त्याच्या भविष्य निर्वाह निधीची कपात खात्यात भरली जाते का, हे बघणंही करदात्याचंच काम आहे. त्याला कमी मिळत असेल आणि सही पूर्ण रकमेवर असेल, तर तो फरक कागदावर कधीच दिसणार नाही. त्याच्याशी बोलावं लागेल, आणि त्याची नोकरी धोक्यात येणार नाही अशा बेताने बोलावं लागेल.

इशारा : कुणाचा बँक खाते क्रमांक, पॅन, कर्जाचे हप्ते, आयकर कपात मागू नका. ती व्यक्तिगत माहिती म्हणून नाकारली जाते आणि तिच्याबरोबर बाकीचा अर्जही रेंगाळतो. पदनाम आणि मासिक एकूण वेतन एवढंच मागा. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे अधिकारी-कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन आणि अर्थसंकल्पाचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. अर्जात याच कलमाचा उल्लेख करा.

## टप्पा ६ : माहिती अधिकाराचा अर्ज

सरळ मागून मिळालं नाही, किंवा व्हाउचरपर्यंत जायचं आहे, तेव्हाच हा टप्पा. ग्रामपंचायतीत जन माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. अर्ज 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात लिहायचा आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला फी नाही, पण पुराव्याची प्रत जोडावी लागते.

महाराष्ट्राच्या नियमांत एक अट आहे, तिच्यावर बरेच अर्ज आपटतात. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. रस्ता, गटार, पगार आणि दिवे असे चार विषय असतील तर चार अर्ज करा.

मजकूर असा असावा :

> विषय : ग्रामपंचायतीच्या पथदिव्यांवरील खर्च.
> कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५.
> आवश्यक माहिती : (१) या कालावधीत दिवाबत्ती या शीर्षाखाली झालेल्या खर्चाची नमुना १२ मधील प्रमाणके व त्यांना जोडलेली देयके आणि दरपत्रके यांच्या प्रती. (२) या खरेदीस मंजुरी देणाऱ्या मासिक सभेच्या ठरावांच्या प्रती. (३) खरेदी केलेल्या साहित्याच्या साठा नोंदवहीतील नोंदींच्या प्रती.

यात 'का', 'कसे', 'जबाबदार कोण' असे शब्द कुठेही नाहीत, हे पाहा. "एवढा खर्च का केला?" असं लिहिलं की "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं. अस्तित्वात असलेला कागद मागा. प्रश्न तो कागद आपोआप विचारेल.

अर्ज समक्ष द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पोच नसलेला अर्ज केलाच नाही असं समजा.

उत्तराची मुदत ३० दिवस. मध्येच प्रतींचा खर्च भरायचं पत्र आलं, तर ते पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. म्हणून त्याच आठवड्यात पैसे भरा. दर साध्या पानाला २ रुपये. पानं फार असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा आणि लागतील तेवढीच पानं निवडा. मुदत उलटल्यावर माहिती दिली, तर ती मोफत द्यावी लागते.

## टप्पा ७ : एक व्हाउचर नीट वाचणं

कागद आले की गठ्ठा चाळू नका. एक व्हाउचर घ्या आणि ते शेवटपर्यंत न्या.

वरच्याच दिव्यांचं उदाहरण. समजा, ४० एलईडी दिव्यांचं देयक आहे. आधी तारखा एका ओळीत लिहा : मासिक सभेचा ठराव, दरपत्रकं, पुरवठ्याचा आदेश, देयक, साठा नोंद, पैसे दिल्याचा दिवस. क्रम हाच असायला हवा. ठराव देयकानंतरचा असेल, तर खरेदी आधी झाली आणि मंजुरी मागाहून घेतली, असा त्याचा अर्थ.

मग तीन दरपत्रकं शेजारी ठेवा. तिन्हींचं अक्षर, टायपिंगच्या चुका, शिक्क्याची ठेवण पाहा. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी चालू आहे का आणि व्यवसायाचं नाव काय, हे लगेच दिसतं.

त्यानंतर साठा नोंद. देयकात ४० आणि साठ्यात ४० आले का? किती बसवले आणि किती शिल्लक? आणि सगळ्यात शेवटी संध्याकाळी वहीसकट गावात फिरून खांब मोजा. जुन्या खांबावर नवा दिवा आहे की जुनाच, हे दिवसा कळणार नाही.

बांधकामाचं असेल तर मोजमाप वही, म्हणजे नमुना २० क. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदी टेपने तुम्हालाही मोजता येते. जाडी कडेला उघडी असेल तिथे बघता येते, पण ती निर्णायक समजू नका. रस्ता उकरून पाहण्याचा उद्योग तर अजिबात करू नका, सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार तुमच्यावरच होईल. जाडीबद्दल शंका असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याकडून फेरमोजणीची लेखी मागणी करा.

तपासा : एकाच कामाचं देयक दोन खिशांतून गेलेलं नाही ना? ग्रामनिधी आणि वित्त आयोग या दोन्ही रोकडवह्यांत त्याच महिन्यांत तशाच वर्णनाचं काम शोधा. एकाच रस्त्याला एका वहीत "मंदिर ते चावडी" आणि दुसरीत "चावडी ते मंदिर" असं नाव असू शकतं.

## टप्पा ८ : आता ग्रामसभा

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा आसपास होतात. नियमित सभेची नोटीस सात दिवस आधी लागते. नोटीस निघाली की त्याच दिवशी आपला विषय लेखी द्या आणि पोच घ्या. "ऐन वेळच्या विषयांत घेऊ" यावर विसंबलात, तर तो विषय शेवटी येतो आणि तोवर माणसं जेवायला उठलेली असतात.

गणसंख्या, म्हणजे सभा भरवायला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी कमी असेल ती. गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणसंख्येची अट नसते. मोजक्या लोकांत मोठे ठराव मंजूर होतात ते अशाच तहकूब सभेत. त्या दिवशी हजर राहणं नियमित सभेपेक्षाही जरुरीचं.

सभेत एकच प्रश्न मांडा, आकड्यासकट. "नमुना ३ प्रमाणे दिव्यांवर इतका खर्च आहे, प्रमाणकांची बेरीज इतकी येते, फरक इतका आहे, तो कशाचा?" आवाज चढवायचा नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही. उत्तर आलं आणि पटलं, तर तसं सभेतच मोकळेपणाने सांगा. तुमचं म्हणणं पुढच्या वेळी लोक ऐकतील ते त्यामुळेच. उत्तर आलं नाही, तर "हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवा" एवढीच मागणी करा आणि काही दिवसांनी इतिवृत्ताची प्रत घ्या.

महिला व बालकल्याणाच्या १० टक्क्यांचा प्रश्न त्याआधी होणाऱ्या महिला सभेत विचारला जावा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं बंधनकारक आहे. अनेक गावांत तिच्या फक्त सह्या गोळा होतात.

## टप्पा ९ : उत्तर आलंच नाही तर

३० दिवसांत माहिती मिळाली नाही किंवा अपुरी मिळाली, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. 'जोडपत्र ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. अपिलीय अधिकारी पंचायत समितीत असतो आणि त्याचं पदनाम ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. अपिलात नवीन माहिती मागू नका. मूळ अर्जातला कोणता मुद्दा राहिला, तेवढंच लिहा.

अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत व्हायचा असतो. तो झाला नाही किंवा पटला नाही, तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागातल्या खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं. तिथे वेळ लागतो, म्हणून बाकीचं काम त्यावर अडवून ठेवू नका. विनाकारण माहिती अडवणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड करू शकतो.

माहिती हातात आली आणि गैरव्यवहार दिसतोच आहे, तर मार्ग बदलतो. माहिती आयोग पैसे वसूल करून देत नाही. तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे लेखी करा. सरपंच किंवा सदस्यांच्या गैरवर्तनासाठी अधिनियमाचं कलम ३९ आहे, त्यात चौकशीनंतर पदावरून दूर करण्याची तरतूद आहे. लेखापरीक्षणात तोच आक्षेप आधीच नोंदवलेला असेल, तर तक्रारीला मोठं बळ मिळतं. म्हणून शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी आणि आक्षेपांच्या पूर्ततेचा नमुना २७ यांच्या प्रती जोडा.

तक्रारीत विशेषणं नकोत. 'भ्रष्ट', 'लुटारू' असे शब्द घातले की चौकशी बाजूला राहते आणि बदनामीचा दावा पुढे येतो. व्हाउचर क्रमांक, तारीख, रक्कम, काय जुळत नाही, एवढ्या चार गोष्टींचा तक्ता एका पानात बसवा. सही किमान दोघा-तिघांची असावी, कारण एकट्या माणसावर गावात दबाव आणणं सोपं जातं. मूळ कागद घरी ठेवा, कार्यालयात फक्त प्रती द्या, आणि एक संच गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवून द्या.

चौकशी लागली तर चौकशी अधिकारी गावात येण्याची तारीख लेखी मागून घ्या आणि त्या दिवशी हजर राहा. जबाब नोंदवताना तो वाचून मगच सही करा, प्रत्येक पानावर करा, आणि त्याची प्रत तिथेच मागा.